हवा असते ती

या कामाला अनुभव लागत नाही असं केंद्रातल्या बाई म्हणाल्या, तेव्हा मावशीला ते खरंच वाटेना. अनुभव नसताना जमतं असं काम तिला एकच माहीत होतं, दुसऱ्यांच्या संसाराला नावं ठेवणं. बाकी कुठेही गेलं की आधी विचारतात, आजवर काय केलंत? आणि तिला नेमकं तेच सांगायचं नव्हतं.

मावशी म्हणजे काही कुणाची सख्खी मावशी नव्हे. हॉस्पिटलात राबणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारत नाही, मावशी म्हटलं की भागतं, आणि तिलाही त्याच हाकेला ओ द्यायची सवय लागली होती. फरक एवढाच, की ज्यांचं ती करायची त्यांतल्या कुणी तिला कधी हाक मारली नव्हती. ती हॉस्पिटलच्या अगदी खालच्या मजल्यावर, शवागारात होती. माणूस गेलं की वरून खाली यायचं. तिथे मावशी त्याला स्वच्छ पुसायची, केस विंचरायची, घरच्यांनी दिलेले कपडे चढवायची, हात पोटावर ठेवायची, आणि पाय फाकू नयेत म्हणून दोन्ही अंगठे पट्टीनं एकत्र बांधायची. मग दार उघडून घरच्यांना आत घ्यायची. अर्धं आयुष्य तिनं यात काढलं. पुढे हॉस्पिटलनं ते काम कंत्राटदाराला दिलं, कंत्राटदारानं आपली माणसं आणली, आणि मावशी घरी बसली.

घरात कुणी त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. नणंद आजवर तिच्या हातचा चहा काही ना काही कारण काढून टाळत आली होती. कधी पित्त व्हायचं, कधी 'आत्ताच झाला' व्हायचं. नवरा स्वभावानं बरा, पण तोही म्हणाला, आता तरी चारचौघांत सांगता येईल असं काहीतरी बघ. ते मावशीला लागलं. ज्या हातांनी लोकांच्या आईबापांना शेवटचं नीटनेटकं केलं, ते हात चारचौघांत लपवायचे म्हणजे काय! तरी ती काम बघायला बाहेर पडलीच, कारण घरात बसून नुसत्या भिंती बघणं तिला जमणारं नव्हतं.

केंद्र म्हणजे अपंग माणसांच्या घरी मदतनीस पाठवणारी संस्था. तिथल्या बाई उत्साही होत्या, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान डोलवणाऱ्या. त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र राहू दे, तुमच्या हातांना काय काय येतं ते सांगा. मावशीनं सांगितलं. जड माणसाला आपली कंबर न मोडता कुशीवर वळवता येतं. अंथरूण न भिजवता अंग पुसता येतं. ताठ झालेल्या हातात बाही चढवता येते. आधी ताठ हात, मग दुसरा. किळस कशाची म्हणून येत नाही. रडणाऱ्या नातेवाइकांशी काय बोलायचं ते कळतं आणि कधी गप्प बसायचं तेही कळतं. बाई खूश झाल्या. हे सगळं इथे जसंच्या तसं कामाला येतं, म्हणाल्या, तुम्हाला नवीन कोण म्हणेल? हॉस्पिटलात कुठे होतात असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, खालच्या मजल्यावर. ती खोटं बोलली नव्हती, खरं फक्त अर्ध्यावर सोडलं होतं.

शिकवणीसाठी केंद्रात माणसाएवढी रबरी बाहुली होती. बाकीच्या बायका तिला उचलताना खिदळत होत्या. मावशीची पाळी आली तेव्हा ती बाहुलीच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, आता उजवा हात उचलते हं." मग हात उचलला. "आता पाठ पुसते हं." मग पाठ पुसली. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, बघा, आधी सांगायचं, मग हात लावायचा. हीच गोष्ट शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ येतात आणि या शिकूनच आल्यात.

आणि ते खरं होतं. मावशी खाली आलेल्या प्रत्येकाला असंच सांगायची. कुणी तिला सांगायला लावलं नव्हतं. माणूस गेलं म्हणून त्याला न सांगता उचलायचं हे तिच्या मनाला पटायचं नाही. फक्त एक गोष्ट तिथे कुणाच्या ध्यानात आली नाही, मावशीच्याही नाही. ती सांगायची आणि लगेच करायची. उत्तरासाठी थांबायची सवय तिला नव्हती, कारण आजवर तिला कुणी उत्तर दिलंच नव्हतं.

तिला जे घर मिळालं तिथे छोटी राहायची. वय चाळिशीला टेकलेलं, पण दोघी बहिणींत धाकटी म्हणून अजून छोटीच. जन्मापासून तिचं शरीर तिचं ऐकत नसे. हातपाय ताठ, भलत्याच वेळी झटका देणारे; डावा हात तेवढा जरा कह्यात. डोकं मात्र असं तल्लख, की समोर स्टँडवर ठेवलेल्या खुनाच्या कादंबऱ्या ती एका बोटानं पानं सरकवत वाचायची आणि खुनी निम्म्यातच ओळखून पुस्तकावर रुसायची. बोलता तिला यायचं, पण शब्द तयार व्हायला वेळ लागायचा. आधी घशातून एक लांब आवाज निघायचा, मग ओठांची जुळवाजुळव, मग कुठे शब्द. ज्याला घाई असेल त्याला तो शब्द भेटायचाच नाही.

थोरली बहीण, ताई, परगावी राहायची. पहिल्या दिवशी ती मुद्दाम आली होती. आई होती तोवर सगळं आईच करायची. आई गेल्यापासून मदतनीस बायका आल्या नि गेल्या. एक दिवसभर फोनला चिकटलेली, एकीची कंबर धरली, एक छोटीकडे बघून नुसती रडायची. ताई वाईट नव्हती, थकली होती. ती मावशीला सरळ म्हणाली, "मावशी, तुम्ही टिकलात तर छोटी या घरात राहील. नाहीतर मला तिला गावाबाहेरच्या वसतिगृहात ठेवावं लागेल." वसतिगृह म्हणजे एक लांब दालन, भिंतीला लावलेल्या खाटा आणि सगळ्यांचे दिवे एकदम मालवणारं एकच बटण. हे बोलणं छोटीच्या समोरच चाललं होतं. ती चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होती आणि तिचा डावा हात खुर्चीच्या कडेला घट्ट धरून होता.

बोलणं ऐकता ऐकता मावशीची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली आणि तिथेच खिळली. फोटोतली बाई तिच्या ओळखीची होती. कानाच्या पाळीखालचा तीळ, रुंद कपाळ, समोरच्या दाताचा उडालेला टवका. गेल्या हिवाळ्यात ती खाली आली होती. गावात मोठं हॉस्पिटल एकच, तेव्हा यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. पण मावशीनं ज्यांना नीट केलं त्यांच्या घरात पाय ठेवायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. ही आमची आई, ताई म्हणाली. मावशी म्हणाली, हसतमुख दिसतात. एवढंच बोलून तिनं तोंडाला कुलूप घातलं. कुठून आलेले हात बहिणीच्या अंगाला लागणार हे कळलं असतं, तर ताईनं तिला दारातूनच वाटेला लावलं असतं. निदान मावशीला तरी तसंच वाटलं, आणि नणंदेचा चहा आठवून बघा, तिला तसं का वाटू नये?

काम सुरू झालं. मावशी सकाळी यायची आणि रात्री छोटीला झोपवून, सोबतीला शेजारीण आली की घरी जायची. पहिल्या दिवसापासून मावशीचे हात बिनचूक चालले. अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं, खुर्चीतून उठवणं, कुठे अडखळणं नाही. छोटीच्या अंगावर दाबाच्या खुणा उठत होत्या त्या काही दिवसांत गेल्या. केंद्रातल्या बाई पाहणीला येऊन गेल्या आणि कौतुक करत गेल्या.

पण छोटीला वळवलं की तो आवाज यायचा. घशातून, लांब, कण्हल्यासारखा. मावशीनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता शवागारात, कामाच्या सुरुवातीच्या काळात. एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं आणि तो कण्हला. ती किंचाळून दारापर्यंत पळाली होती. तिथला जुना शिपाई हसला नाही. त्यानं तिला परत आणलं आणि सांगितलं, हवा असते ती. छातीत राहिलेली असते, वळवलं की बाहेर येते. घाबरायचं नाही, पाठीवर थोपटायचं आणि पुढचं काम करायचं. मावशी ते शिकली. इतकं शिकली की पुढे तो आवाज तिच्या कानावर यायचा पण मनापर्यंत पोचायचा नाही.

आता छोटी आवाज करायची, मावशी तिच्या पाठीवर थोपटायची आणि पुढचं काम करायची. "डोक्यावरून पाणी घेते हं," असं म्हणून पाणी घ्यायची. छोटीचा 'नको' निघेपर्यंत केस ओले झालेले असायचे. "निळा सदरा घालते हं," म्हणायची, आणि छोटीच्या ओठांवर शब्द जुळेपर्यंत बटणं लागलेली असायची. सांगितलं होतं ना? मग झालं तर. मावशीच्या मनात पाप नव्हतं. उलट तिला वाटायचं, आपण किती सांभाळून करतो.

हळूहळू छोटी आवाज करेनाशी झाली. वळवलं तरी गप्प, पाणी घातलं तरी गप्प. डोळे छताला. कादंबरीचं तेच पान दुपारभर समोर असायचं. मावशीनं केंद्राला कळवलं की आता छोटी छान रुळली. ताईला तर इतकं बरं वाटलं की तिनं फोनवर दोनदा आभार मानले. सगळी खूश होती, आणि एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू विझत होतं.

खोलीत आवाज थांबला तसा तो मावशीच्या मागे लागला. घरी नवरा झोपेत कुशीवर वळला की तिला ते कण्हणं ऐकू यायचं आणि तिचा हात आपोआप त्याची पाठ थोपटायला जायचा. जड दार सरकवलं की तेच. भरलेली पिशवी खाली ठेवली की तेच. छोटीच्या घरात तर आणखीनच. तिथे आईचा स्वेटर अजून दाराआडच्या खुंटीला होता, चष्मा खिडकीच्या फळीवर होता, आणि छोटीच्या खांद्याखाली हात घालताना मावशीला वाटायचं, आपल्या हातांशेजारी आणखी दोन हात आहेत आणि ते आपल्याला अडवतायत. मेलेल्यांची भीती तिला कधी वाटली नव्हती. भीती वाटायला लागली ती इथे, जित्याजागत्या माणसाजवळ. फोटोकडे पाठ करून काम करायचं तिनं ठरवलं, तर पाठीला नजर टोचायची.

ती दुपार अशीच होती. छोटीचं अंग पुसून झालं होतं आणि ती डोळे मिटून पडली होती. मावशीचं मन फोटोतल्या बाईपाशी घुटमळत होतं. त्या दिवशी आपण तिला काय काय सांगितलं, तिचे केस कसे विंचरले, ते सगळं तिला आठवत होतं, आणि हात आपलं काम करत होते. मग ती भांडं ठेवायला आत गेली, हात धुतले, पुसले आणि खोलीच्या दाराशी आली.

दारातून तिनं बघितलं. पूर्वी घरच्यांना आत घेण्याआधी ती असंच एकदा दारातून बघून घ्यायची. चादर छातीपर्यंत, एक सुरकुती नाही. केस विंचरून मागे घेतलेले. हात पोटावर, उजवा वर, डावा खाली. चादरीच्या टोकाला पाय जुळलेले, दोन्ही अंगठे पांढऱ्या पट्टीनं एकत्र बांधलेले. काम छान झालं होतं. घरच्यांना आत घ्यायला हरकत नव्हती.

तेवढ्यात डोळे उघडे दिसले. ते तिच्याकडेच बघत होते, आणि दोन्ही बाजूंनी कानापर्यंत ओले होते.

आपण काय केलं ते तिला दिसत होतं, पण कधी केलं ते आठवेना. मग एक गोष्ट आठवली. पट्टी बांधताना आवाज आला होता. बऱ्याच दिवसांनी आला होता, आणि आपण गुडघ्यावर थोपटून गाठ मारली होती. ती पायांपाशी गुडघे टेकून बसली आणि गाठ सोडायला लागली. आयुष्यभर जी गाठ तिनं डोळे मिटून मारली ती आज सुटता सुटेना. पट्टी सुटली तशी तिनं छोटीचा उजव्या हाताखाली दबलेला डावा हातही मोकळा केला.

छोटीच्या घशातून आवाज निघाला. मावशीचा हात सवयीनं वर गेला आणि हवेतच राहिला. या खेपेला ती थांबली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. छोटीचे ओठ जुळत होते, सुटत होते, मान ताठ होत होती, पुन्हा सैल पडत होती. हे सगळं मावशी पहिल्यांदाच बघत होती. इतके दिवस ती तोवर पुढच्या कामाला लागलेली असायची.

"कुठे... होतीस?" छोटी म्हणाली.

"हॉस्पिटलात," मावशी म्हणाली. छोटी बघत राहिली. खुनी ओळखणाऱ्या बाईपासून काय लपवणार? मावशीनं मान खाली घातली. "खाली. शवागारात."

पुन्हा तो आवाज, पुन्हा ती वाट. मावशीला वाटलं, आता 'जा' येईल. आपण निघून जाऊ, ताईला फोन जाईल, आणि ही बिचारी त्या लांब दालनात जाऊन पडेल, ते आपल्या हातांमुळे. पण आलेला शब्द वेगळाच होता.

"आई."

तो प्रश्न नव्हता. मावशी म्हणाली, हो, मीच. आणि मग तिला बोलल्याशिवाय राहवेना. तिनं सांगितलं की आईला सगळं आधी सांगितलं होतं, हात उचलताना, केस विंचरताना, सगळं. केसांत एक पिन अडकली होती ती न ओढता काढली. अंगाला गार लागू नये म्हणून पाणी कोमट घेतलं होतं. तिथे कुणाला गार लागत नाही हे माहीत असूनही ती ते नेहमी घ्यायची. उजव्या हाताच्या बोटाला एक चिकटपट्टी होती, वाकडी लावलेली, एक टोक सुटलेलं. ती काढायला हवी होती. पण कुणीतरी फार खटपटीनं लावलीय असं वाटलं, म्हणून काढली नाही, तशीच जाऊ दिली.

छोटीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मी... लावली," ती म्हणाली.

आईचं बोट भाजी चिरताना कापलं होतं आणि छोटीनं एका हातानं ती पट्टी लावली होती. दुसऱ्या दिवशी आई हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. छोटीलाही हॉस्पिटलात आणलं होतं, पण तिला कुणी शवागारापर्यंत खाली नेलं नाही. जिना अरुंद होता, खुर्ची उतरली नसती, आणि तिनं आईला जिवंत पाहिलंय तशीच आठवू दे, असं थोरल्या माणसांनी ठरवलं. छोटीला विचारलं होतं की नाही? विचारलं होतं. तिचा शब्द निघेपर्यंत माणसं जिन्यानं खाली गेली होती. हे सगळं तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. खिडकीतलं ऊन फळीवरून जमिनीवर उतरलं तरी मावशी खाटेच्या पायथ्याशी तशीच बसून होती.

मग छोटीनं विचारलं, "आवाज... आला? तिचा?"

मावशीला कळलं ती काय विचारतेय. नाही म्हणता आलं असतं. तेवढ्यानं छोटीला बरंही वाटलं असतं कदाचित.

"आला," ती म्हणाली. "कुशीवर वळवताना."

"तू... काय... केलंस?"

"थोपटलं. आणि पुढचं केलं."

छोटीनं डोळे मिटले. घशातून आवाज निघाला, नेहमीपेक्षा लांब, आणि इतका वेळ शब्द आला नाही की मावशीला वाटलं हे रडणंच आहे. पण शब्द येत होता.

"थांबायचं... होतंस."

हवा असते ती, हे वाक्य मावशीच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. छोटी आपल्या आईचं म्हणत होती की स्वतःचं, हे तिला कळेना, आणि विचारायचा धीरही होईना. शवागारात इतकी वर्षं डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई खाटेच्या दांडीला कपाळ लावून रडली. छोटीनं तिला रडू दिलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तो रोज यायचा. मावशी फोन मोठ्या आवाजावर टाकून छोटीच्या तोंडाजवळ धरायची, ताई चार वाक्यं बोलायची, छोटीचा आवाज निघाला की त्याचा अर्थ स्वतःच लावायची आणि फोन ठेवायची. आजही पलीकडे भांडी वाजत होती, शेगडीवर काहीतरी तडतडत होतं, पोरं भांडत होती. ताईनं विचारलं, कशी आहेस, जेवलीस का, मावशींचं बरं चाललंय ना? छोटीच्या घशातून आवाज सुरू झाला.

"हो ना? वाटलंच मला," ताई म्हणाली. "चल मग, ठेवते."

मावशीचा अंगठा फोनच्या कडेवर होता. गप्प राहायचं होतं फक्त. फोन बंद झाला असता, दिवस सरला असता, नोकरी राहिली असती, आणि तिच्या हातांचं मागचं पुढचं कुणाला कळलं नसतं. इतकी सोपी सुटका तिला पुन्हा मिळणार नव्हती.

"ताई, थांबा," मावशी म्हणाली. "तिचं बोलून व्हायचंय."

पलीकडे ताई एकदम सावध झाली. "काय झालंय का मावशी?"

"झालंय. पण ते ती सांगेल."

पोरांना कुणीतरी दटावलं. तडतड थांबली, ताईनं शेगडी बंद केली असावी. मग काहीच नाही. एका गावात एक बहीण फोन कानाला लावून उभी, दुसऱ्या गावात दुसरी बहीण शब्द जुळवत पडलेली, आणि मध्ये मावशी, हात न हलू देता फोन धरून. छोटीची मान ताठ झाली. ओठ जुळले, निसटले, पुन्हा जुळले. ताई एकदा म्हणाली, हॅलो? मावशीनं उत्तर दिलं नाही.

"नवीन... आहे," छोटी म्हणाली. मग आणखी बराच वेळ गेला, आणि आता ताईही हॅलो म्हणाली नाही. "शिकेल."

मग ताईचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. अजून काही सांगायचंय का, असं तिनं विचारलं, आणि विचारून ती खरंच थांबली. छोटीनं 'नाही' म्हटलं, त्यालाही वेळ लागला, आणि ते पूर्ण ऐकून मगच ताईनं फोन ठेवला.

मावशी फोन हातात घेऊन उभी राहिली. जिवात जीव आला असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. छोटीनं आपल्याला माफ केलं की तिच्याकडे दुसरा इलाजच नव्हता, हे तिला ठरवता येईना. वसतिगृहातल्या त्या एका बटणाची भीती छोटीलाही होतीच. छोटीनं जणू ते ओळखलं. आवाज निघाला, मावशी थांबली, आणि शब्द आले.

"नाही... शिकलीस... तर... सांगेन."

"सांग," मावशी म्हणाली. "सांगायलाच हवं."

झोपण्याआधी छोटीला कुशीवर वळवायचं होतं. मावशीनं एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. कुशीवर वळवू का, असं विचारलं आणि वाट पाहिली. छोटीनं मान डोलवली. अर्ध्यात आल्यावर घशातून तो आवाज निघाला, आणि मावशी तिला तसंच पेलून धरून जागच्या जागी थांबली. दंड भरून आले. खोली इतकी शांत होती की दाराआडच्या खुंटीवरचा स्वेटरही कान देऊन ऐकतोय असं वाटावं.

"काही... नाही," छोटी शेवटी म्हणाली. "वळव."

मावशीनं तिला हलकेच कुशीवर आणलं, उशी सारखी केली, चादर ओढली. आणि त्या थांबण्याच्या मागोमाग तिला बाकीचे ऐकू यायला लागले. कुशीवर वळवताना कण्हलेला तो पहिला म्हातारा. त्याच्यानंतरच्या बायका, माणसं, एक शाळकरी मुलगी. कानाखाली तीळ असलेली, बोटाला वाकडी पट्टी लावलेली आई. प्रत्येकाला तिनं सगळं आधी सांगितलं होतं आणि एकाच्याही पुढे ती थांबली नव्हती. एकामागून एक ते सगळे आपापला आवाज काढत होते, आणि प्रत्येकाच्या मागे तिला स्वतःच्याच तळव्याचं थोपटणं ऐकू येत होतं. छोटीला झोप लागत होती. तिच्या पाठीवर मावशीचा हात होता, आणि तो थोपटायला उचलण्याचा धीर मावशीला होईना.